बोडका डोंगर दोन हजार फूट भरतो का?

डोंगर चढतात, डोंगराचे फोटो काढतात, डोंगरावर बसून पुऱ्या खातात, इतपत मला ठाऊक होतं. पण रजा काढून, पदरचे पैसे घालून, भर पावसात डोंगर मोजायला जाणारी माणसं या देशात आहेत आणि त्यातलं एक माझ्याच पोटी जन्माला आलंय, हे मला यंदाच्या ऑगस्टमध्ये कळलं.

रेवा, आमची मुलगी, मँचेस्टरला सिव्हिल इंजिनियर आहे. आठवडाभर लोकांच्या रस्त्यांच्या आणि पुलांच्या लेव्हल काढते. मग शनिवार-रविवारी माणसाने झोपावं, स्वयंपाक करावा, आईला फोन करावा. ती कॉलिन नावाच्या एका निवृत्त गणिताच्या मास्तरांबरोबर वेल्समधले डोंगर मोजत फिरते. कशासाठी, असं मी विचारलं. तर वेल्समध्ये दोन हजार फुटांच्या वर गेला तर तो माउंटन, खाली राहिला तर नुसता हिल. शिवाय शेजारच्या डोंगराला जोडणाऱ्या खिंडीपेक्षा तो निदान तीस मीटर उंच हवा, नाहीतर तो स्वतंत्र डोंगरच नाही, शेजाऱ्याचं टेंगूळ. या दोन्ही परीक्षा पास झाल्या की डोंगराचं नाव यादीत चढतं. आणि तिथल्या बाला नावाच्या गावाजवळचा एक डोंगर नेमका काठावर होता. दोन हजार फूट म्हणजे सहाशे नऊ मीटर आणि वर साठ सेंटिमीटर. नकाशावर त्याची उंची छापलीय सहाशे नऊ. पण तो आकडा विमानातून काढलेल्या फोटोंवरचा, त्यात मीटरभर इकडे किंवा तिकडे सहज होऊ शकतं. म्हणून तो नीट मोजायचा.

डोंगराचं खरं नाव मी इथे देणार नाही. कारण आहे, शेवटी सांगते. वेल्शमध्ये बोडक्या डोंगराला ‘मोएल’ म्हणतात आणि तोही तसलाच, झाड नाही झुडूप नाही. आपण त्याला बोडका म्हणू.

आता यात आमचा काय संबंध? तर आमच्या घरातले डॉक्टर, म्हणजे माझे यजमान श्रीनिवास, यांनी वेल्समधले ते दोन हजार फुटांवरचे सगळे डोंगर चढून संपवलेत. सगळे म्हणजे सगळे. वीस-बावीस वर्षं लागली. हॉस्पिटलच्या ड्यूट्या, रेवाच्या परीक्षा, सासूबाईंचं आजारपण, सगळ्यातून वेळ चोरून हा माणूस लंडनजवळच्या आमच्या पिनरहून वेल्सला पळायचा. शेवटचा डोंगर गेल्या वर्षी झाला. मी पायथ्याशी गाडीत बसून विणकाम केलं आणि खाली आल्यावर पेढे वाटले, तेही पाऊस आल्यामुळे गाडीतच. यादी लॅमिनेट करून स्टडीत लावलीय.

तोपर्यंत उजव्या गुडघ्याची वाट लागली होती. डाव्याचीही लागतेय, पण उजवा पुढे आहे. सर्जनने दोनदा ऑपरेशनची तारीख दिली, दोन्ही वेळा यांनी काहीतरी निमित्त काढून टाळली. हा माणूस तीस वर्षं भूलतज्ज्ञ होता. हजारो लोकांना ‘काही होत नाही हो, दहापर्यंत आकडे मोजा’ म्हणून झोपवलं, आणि आता स्वतः झोपायची वेळ आली तर तोंड उतरतं. काय काय बिघडू शकतं ते सगळं यांना पाठ. वरून कारण काय, तर डोंगर संपले, आता लायब्ररीपर्यंत जायला हे गुडघे पुरेत. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की शेवटी शेवटी मला त्याची भीती वाटायला लागली. पूर्वी जिने दोन-दोन पायऱ्या घेत चढणारा माणूस दुपारी चार वाजताच टीव्हीसमोर जाऊन बसायला लागला होता. हॉस्पिटलने या खेपेला सरळ सांगितलं होतं, की महिनाअखेर हो किंवा नाही कळवा, नाहीतर नाव यादीतून काढतो.

तर अशा वेळी रेवाचा फोन. बोडका दोन हजार भरला तर यादीत एक नाव वाढणार आणि बाबांची पुरी झालेली यादी अपुरी होणार. हे ऐकलं मात्र, श्रीनिवास खुर्चीतून उठले. म्हणाले, आपणही जाऊ. मोजायच्या दिवशीच चढून ठेवलेला बरा, म्हणजे उद्या तो यादीत आलाच तर आपली खूण तयार. मी गुडघ्याकडे बघितलं, त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मी मनात म्हटलं, देवा, तो डोंगर बुटका निघू दे म्हणजे हा विषय एकदाचा मिटेल.

शुक्रवारी सकाळी पिनरहून निघालो. कुणाला जायचं असेल तर मार्ग सोपा आहे: एम-फॉर्टी मोटरवे, मग बर्मिंगहॅमच्या अलीकडून एम-फॉर्टीटू आणि एम-सिक्स, तिथून एम-फिफ्टीफोर धरून श्रूजबरी, वेल्शपूल आणि बाला. पाच तास धरा, बर्मिंगहॅमपाशी अडकलात तर सहा. मोटरवेवरच्या सर्व्हिसेसमध्ये फक्त टॉयलेटला थांबा, तिथल्या दोन कॉफ्या आणि दोन बन्सच्या पैशांत वेल्समध्ये एका माणसाचं रात्रीचं जेवण होतं. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं नेलं होतं, ते श्रूजबरीच्या पुढे रस्त्याकडेच्या एका ले-बायमध्ये गाडीच्या बॉनेटवर ठेवून खाल्लं. शेजारच्या लॉरीवाल्याला वास आला, त्याने विचारलं, मग त्यालाही दोन दिल्या.

वेल्शपूलनंतर रस्ता वळणावळणाचा होतो आणि डांबरावर पांढऱ्या मोठ्या अक्षरांत ‘आराफ’ असं लिहिलेलं दिसायला लागतं. आराफ म्हणजे हळू. मी प्रत्येक वळणावर ते यांना मोठ्याने वाचून दाखवलं. दहाव्या वेळी ते म्हणाले, तू मागे बसतेस का? नवीन घेतलेला सॅटनॅव्ह तर वेल्श गावांची नावं आली की अशी काही कसरत करायचा की आम्ही शेवटी त्याचा आवाज बंद करून टाकला आणि मी नकाशा मांडीवर घेतला.

बालाच्या बाहेर एका शेतघरात बी अँड बी घेतलं होतं. माणशी तीस पौंड, त्यात ब्रेकफास्ट. आम्ही शाकाहारी आहोत हे फोनवर सांगून ठेवलेलं, तरी घरमालकीण बाईंना काळजीच लागली होती. त्यांनी संध्याकाळी चहाबरोबर ‘बारा ब्रिथ’ दिला, म्हणजे चहात भिजवलेले मनुके-बेदाणे घातलेला गोड पाव, वर बोटभर लोणी. जरूर खा. आम्ही कशाला आलोय ते मँचेस्टरहून येऊन पोचलेल्या रेवाने त्यांना सांगितलं. बोडक्यावर त्यांच्या भावाच्या मेंढ्या चरतात. डोंगर माउंटन व्हावा असं तुम्हाला वाटतं का, असं मी विचारलं तर त्या कप विसळता विसळता म्हणाल्या, काहीही ठरवा, पाऊस तेवढाच पडणार आहे.

कॉलिनशी ओळख त्या संध्याकाळी झाली. साठी उलटलेला, काटकुळा, अतिशय सभ्य माणूस. वाद घालायचा असला तरी आधी सॉरी म्हणतो. त्याने जेवणाच्या टेबलावर मीठदाणी आणि मिरपूडदाणी ठेवून आम्हाला समजावलं. दोन शिखरांमधली खिंड घोड्याच्या खोगिरासारखी असते. एका डोंगरावरून दुसऱ्यावर जाताना तो सगळ्यात खालचा बिंदू, पण एका दरीतून दुसऱ्या दरीत जाताना तोच सगळ्यात वरचा. तो शोधायचा आणि माथ्यापासून तो किती खाली आहे ते काढायचं. श्रीनिवास पुढे वाकून ऐकत होते. इतक्या दिवसांनी त्यांना एवढे प्रश्न विचारताना पाहून मला बरं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं, कारण टेबलाखाली त्यांचा एक हात गुडघा चोळत होता.

शनिवारी सकाळी आभाळ राखाडी होतं पण कोरडं. गल्लीच्या टोकाला फाटकाशी गाडी लावता येते, दोनच गाड्यांची जागा आहे, लवकर जा. फाटक उघडलंत तर बंद करा, मेंढ्या वाटच बघत असतात. सुरुवातीचा तासभर जंगलखात्याचा रुंद रस्ता, मग दलदल. ट्रेनर्स घालून येऊ नका, मी एक पाय घोट्यापर्यंत आत घालून हा सल्ला देतेय. सामानाची वाटणी अशी झाली: कॉलिनकडे जीपीएसचं यंत्र आणि तिकाटणं, रेवाकडे लेव्हलची दुर्बीण, माझ्याकडे मापाची घडीची पट्टी आणि जेवण, आणि यांच्याकडे दोन काठ्या आणि एक गुडघा.

यांचा वेग पहिल्या फाटकापासूनच मंदावला. मी मागे राहिले. काही बोलले नाही, कारण बोलले असते तर हट्टाला पेटून ते अजून जोरात चालले असते. दलदलीत एकदा पाय मुरगळल्यासारखा झाला. मग प्रत्येक पावलाला ओठ घट्ट. खिंडीत पोचेपर्यंत आम्हाला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. खिंड म्हणजे दोन उतारांमधला गवताचा मोठा पाळणा, मधे पाणथळ. समोर बोडक्याचा शेवटचा चढ होता, अगदी दिसत होता, माथ्यावरचा दगडांचा ढीगसुद्धा. दहा मजली इमारतीएवढा चढ, त्याहून जास्त नाही.

श्रीनिवास एका दगडावर बसले आणि त्यांनी पॅन्ट वर करून गुडघा बघितला. नारळाएवढा झाला होता. रेवा म्हणाली, “बाबा, मी आणि कॉलिन तुला दोन साइडनी धरतो. स्लो स्लो जाऊ.” त्यांनी गुडघा हातांनी चाचपला, डॉक्टर दुसऱ्याचा चाचपतो तसा, आणि मान हलवली. वर जाईन, म्हणाले, पण मग खाली तुम्हाला मला उचलून आणावं लागेल. मग लाल टोपी डोक्यावर नीट केली आणि कॉलिनला म्हणाले, मी खिंडीत तुमची पट्टी धरतो, तेवढं बसून जमेल.

मला काय वाटलं ते सरळ सांगते. मला रडू आलं. मी रेवाची पिशवी आवळायच्या निमित्ताने पाठ फिरवली. मी यांच्याबरोबर एकाही डोंगरावर चढलेली नाही. बावीस वर्षं पायथ्याशी गाडीत बसून स्वेटर विणले. आणि आज हे खाली बसणार आणि वर मी जाणार, कारण माथ्यावर यंत्राची राखण करायला कुणीतरी हवं होतं.

वर गेले. धापा टाकत, मधे दोनदा थांबून, पण गेले. माथ्यावर पहिलं काम म्हणजे सगळ्यात उंच जागा शोधायची. मी आपली पट्टी घेऊन सरळ दगडांच्या ढिगावर चढले, तर कॉलिन सॉरी म्हणाला. माणसांनी रचलेले दगड धरायचे नाहीत, खालची मूळची जमीन धरायची. मग रेवा दुर्बिणीशी आणि मी पट्टी घेऊन या उंचवट्यावरून त्या उंचवट्यावर. “आई, तो पट्टी हलवू नको ना. सरळ. अजून सरळ.” लग्नाला उभी राहिले होते तेव्हाही मला इतकं सरळ उभं राहायला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी ढिगापासून चार पावलांवर एक गवताळ टेंगूळ सापडलं, सगळ्यात वरचं. त्यावर तिकाटणं रोवलं आणि वर जीपीएसचं यंत्र बसवलं, उलट्या ठेवलेल्या वरणाच्या वाडग्याएवढं. त्याने दोन तास तिथे न हलता बसायचं आणि आभाळातल्या उपग्रहांचे सिग्नल गोळा करायचे. माझं काम एवढंच, की मेंढीला जवळ येऊ द्यायचं नाही आणि हात लावायचा नाही. माझ्या हातात एक वॉकी-टॉकी देऊन रेवा आणि कॉलिन खिंडीत उतरले. दुसरा वॉकी-टॉकी यांच्याकडे होता.

ते गेले आणि पाचच मिनिटांत भुरभुर सुरू झाली. मी टोपी घातली. यंत्राला टोपी नव्हती. भाड्याने आणलेलं यंत्र, त्याचं दिवसाचं भाडं आमच्या दोघांच्या बी अँड बीपेक्षा जास्त, हे मला आदल्या रात्री कळलं होतं. आपल्याकडे कुणी काही राखायला दिलं तर ते भिजू देतो का? मी पिशवीतून छत्री काढली आणि यंत्रावर धरली. वारा होता, त्यामुळे दोन्ही हातांनी धरावी लागली. खांदे भरून आले, नाक गळायला लागलं, पण हटले नाही. एक मेंढी येऊन बघून गेली. तासाहून जास्त वेळ मी तशी उभी होते आणि मनात म्हणत होते, बघा, जबाबदारी म्हणजे काय ते.

रेवा आणि कॉलिन वर आले. कॉलिनने छत्री पाहिली. “आह,” तो म्हणाला.

मग त्याने माझे फार मनापासून आभार मानले, आणि हे किती वेळ चाललंय असं विचारलं. रेवा गवतात बसून पोट धरून हसत होती. यंत्राला चारी बाजूंनी उघडं आभाळ दिसावं लागतं. पाणी त्याला काही करत नाही. मी त्याच्या डोक्यावर लोखंडी काड्यांची ओली छत्री धरून, जी एक गोष्ट त्याला हवी होती तीच अडवून धरली होती. कॉलिन म्हणाला, कदाचित चालेलही, पण काठावरचा डोंगर आहे, ‘कदाचित’ नको. सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणखी दोन तास.

मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की आता मीच बसते म्हणाले, तुम्ही जेवा. कॉलिन ढिगाच्या आडोशाला पुऱ्या खात बसला. त्याने लोणच्याची फोड आख्खी तोंडात टाकली आणि नंतर सॉरी नाही म्हणाला. रेवा बाबांसाठी चहा आणि पुऱ्या घेऊन पुन्हा खाली गेली. आणि तेवढ्यात भुरभुर थांबली, ढग वर उचलले गेले आणि सगळं एकदम मोकळं झालं.

मी कडेला जाऊन खाली बघितलं. खिंडीत लाल टोपी. गवतावर अंथरलेल्या प्लास्टिकवर पाय लांब करून बसलेला माणूस, वर बघत नव्हता. काठीने गवत उपटत होता. तिथे मला पहिल्यांदा नीट कळलं. बोडका बुटका निघाला तर यादी पुरीच राहणार. आणि यादी पुरी राहिली तर हा माणूस उरलेलं आयुष्य असाच बसणार, आधी खिंडीत, मग टीव्हीसमोर. घरी देवाला घातलेलं साकडं मी तिथल्या तिथे मागे घेतलं. त्या गवताळ टेंगळाकडे बघून मी चक्क मोठ्याने म्हटलं, भर बाबा, दोन हजार भर, यांच्यासाठी एक शिल्लक राहू दे. कॉलिनला मराठी येत नाही हे बरं आहे.

तेवढ्यात वॉकी-टॉकी खरखरला. “काय दिसतंय वरून? ओव्हर.”

रेवाने बटण कसं दाबायचं ते दाखवलं होतं. मी सांगायला लागले. बालाचं तळं दिसतंय, काच कापून ठेवल्यासारखं. त्याच्या मागे तुमच्या डोंगरांची अख्खी रांग, ढगांच्या वर डोकी काढून. हा कुठला, तो कुठला, ते विचारत होते आणि मी वर्णन केलं की खालून नाव सांगत होते, न बघता. अगदी पश्चिमेला, डोंगरांच्या एका खाचेत, एक चमकणारा पट्टा होता.

“आणि समुद्र दिसतोय,” मी म्हटलं.

वॉकी-टॉकी पुन्हा खरखरला. “तिथून समुद्र दिसणार नाही. मधे रांग आहे. ओव्हर.”

“मी बघतेय ना. चांदीच्या जरीसारखा पट्टा आहे.”

“तळं असेल. ओव्हर.”

“तळं इकडे आहे. हा समुद्र आहे.”

“नेमका कुठल्या दिशेला? ओव्हर.”

“नाकासमोर बघितलं की थोडं डावीकडे,” मी म्हटलं. “ओव्हर.” आणि बटण सोडून दिलं.

उतरताना यांना दोन्ही बाजूंनी आधार द्यावा लागला. फार वेळ लागला. जंगलखात्याच्या रस्त्याला लागल्यावर एक फाटक येतं, तिथे त्यांनी कठड्यावर दोन्ही हात टेकले आणि मागे वळून बघितलं. बोडका ढगात गेला होता. “तीस मीटरच होते गं,” ते म्हणाले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, आराफ. ते हसले, पण थोडंसंच.

रविवारी परत. निघण्याआधी बालाच्या तळ्याकाठी तासभर बसा, तिथे छोटी वाफेची आगगाडी आहे, लहान मुलं असतील तर नक्की बसवा. आम्ही बाकावर बसून फक्त बघितली. घरी यायला साडेसहा तास लागले, बर्मिंगहॅमची कृपा. दोघांचा सगळा खर्च, पेट्रोल, दोन रात्री, बाहेरची जेवणं धरून दोनशे पौंडांच्या आत बसतो. यंत्राचं भाडं कॉलिनने आम्हाला देऊ दिलं नाही. म्हणाला, छत्री धरून राखण करणाऱ्यांना पैसे कसे लावणार?

निकाल लगेच मिळत नाही. यंत्राने गोळा केलेली माहिती घरी नेऊन कॉम्प्युटरवर सोडवावी लागते. दिवस जात होते. श्रीनिवास सोफ्यावर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. हॉस्पिटलचा विषय काढला की ते पेपर उघडत. महिना संपत आला होता. मी रोज रेवाला फोन करून विचारायचे आणि ती म्हणायची, आई, कॉलिन डबल-चेक करतोय, चिल.

शेवटी ईमेल आली. यांनीच वाचली, मी मागे उभी. खिंडीची परीक्षा बोडका पास झाला होता. उंचीत मात्र अडकला. दोन हजार फुटांना वीतभर कमी. खरोखर वीतभर, मी बोटं ताणून धरून बघितली. खाली कॉलिनने लिहिलं होतं की मिसेस डॉक्टरांच्या छत्रीखालचं मोजमाप हिशेबात धरलेलं नाही, पण त्यांच्या निष्ठेची नोंद घेतली आहे.

श्रीनिवास म्हणाले, “चला, यादी शाबूत.” आणि लॅपटॉप बंद केला. मी स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण ओटा पुसला. एवढी हात जोडून विनंती केली होती त्या बोडक्याला. वीतभर तर वर यायचं होतं मेल्याला.

रात्री जेवताना आमटी वाढून घेता घेता ते म्हणाले, “तुला समुद्र दिसणं शक्य नाही.”

मी म्हटलं, दिसला.

दुसऱ्या दिवशी डायनिंग टेबलवर दोन नकाशे जोडून अंथरलेले. पट्टी, पेन्सिल, शिवणाच्या डब्यातला माझा लाल दोरा. बोडक्यावर टाचणी टोचून तिथून पश्चिमेला दोरा ताणलेला. मधल्या प्रत्येक डोंगराची उंची ते कागदावर लिहीत होते. ही रांग आड येते, म्हणाले. मी म्हटलं, रांगेत खाच आहे. ते म्हणाले, खाच आहे पण तिच्या मागे अजून एक डोंगर आहे. मी म्हटलं, तुम्ही वर गेला होतात का? तुम्ही खिंडीत बसला होतात, वर मी होते. हे मी जरा लागेल असंच म्हटलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा दोरा ताणला. जेवणही त्या दिवशी आम्ही मांडीवर ताट घेऊन केलं, कारण टेबलावर वेल्स पसरलेलं होतं. रेवाला दोघांनी वेगवेगळे फोन केले. ती म्हणाली, मी लेव्हलमध्ये बघत होते, व्ह्यू नाही बघितला, मला यात ओढू नका.

सोमवारी सकाळी मी जिन्यावरून कपड्यांची टोपली घेऊन उतरत होते. स्टडीचं दार अर्धवट उघडं होतं आणि ते फोनवर होते. आवाज जुना, हॉस्पिटलमधला.

“ऑक्टोबर चालेल,” ते म्हणत होते. “हो, उजवा आधी.” मग बराच वेळ पलीकडचं ऐकलं. “भूल कोण देणार आहे? ठीक आहे. मी त्यांच्याशी बोलेन.” मग जरा थांबून म्हणाले, “मला एक विचारायचंय. मे महिन्यापर्यंत सहाशे मीटर चढता येईल का? नाही, नाही, माउंटन नाही तो. माझी बायको म्हणते तिथून समुद्र दिसतो. मला ते तपासायचंय.”

मी टोपली घेऊन तशीच पायरीवर बसले.

तर आता नावाचं कारण. तो चमकणारा पट्टा समुद्र होता, असं मी शपथेवर सांगणार नाही. पाणी होतं हे नक्की, किंवा ओल्या खडकांवर पडलेलं ऊन असेल, किंवा कुणाच्या शेतावर अंथरलेलं प्लास्टिक. तुमच्यापैकी कुणी वरच्या खाणाखुणांवरून बोडका शोधून काढाल हे मला माहीत आहे, तुम्ही लोक हुशार आहात. खुशाल जा, फाटकं बंद करा, बूट चांगले घाला, छत्री नेऊ नका. पण माथ्यावर स्वच्छ ऊन मिळालं आणि पश्चिमेला काय आहे ते नीट दिसलं, तर कृपा करून इथे कमेंटमध्ये लिहू नका. आमचे हे माझा लेख वाचत नाहीत, पण कमेंट रोज वाचतात. मे महिन्यापर्यंत तरी लिहू नका.